ज्योतिषशास्त्राचा लोकप्रसार, महाराष्ट्रातील

ज्योतिषशास्त्राचा लोकप्रसार : सूर्य, चंद्र, ग्रह, तारे व इतर खस्थ ज्योती यांच्याविषयीचे शास्त्रीय ज्ञान तज्ञांपुरते मर्यादित न ठेवता सर्वसामान्य जनतेपर्यंत पोहोचविणे, यास ज्योतिषशास्त्राचा लोकप्रसार म्हणतात. सुबोध ग्रंथ, व्याख्याने, तारांगणे, हौशी निरीक्षकांच्या संस्था आणि प्रत्यक्ष आकाशदर्शन ही त्याची प्रमुख साधने होत. गणित व वेध यांवर आधारलेले शास्त्र एवढाच अर्थ येथे अभिप्रेत असून फलज्योतिषाचा त्यात अंतर्भाव होत नाही. महाराष्ट्रात या प्रसाराची सुरुवात एकोणिसाव्या शतकातील पंचांगशुद्धीच्या चळवळीतून झाली. पुढे ग्रहणांचे वेध, शहरांतील संस्था व तारांगणे या मार्गाने तो विस्तारला आणि मुंबईच्या उत्तरेकडील विरारसारख्या उपनगरांतील शाळांच्या व सागरकिनाऱ्यांच्या दृष्टीनेही आज त्याला महत्त्व आहे.

जागतिक पार्श्वभूमी : यूरोपात या कार्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संघटित रूप आले. कामीय फ्लामारीआँ यांचा सुबोध ज्योतिषशास्त्रावरील फ्रेंच ग्रंथ १८८० मध्ये पूर्ण झाला व १८८७ मध्ये त्यांनी फ्रेंच ज्योतिषशास्त्रीय संस्था स्थापिली. बर्लिन येथील ‘उरानिया’ (१८८८) व ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन (१८९०) या संस्था त्याच सुमारास निघाल्या. अर्धगोलाकार छतावर ताऱ्यांच्या प्रतिमा पाडणारा प्रक्षेपक झाइस कंपनीने तयार केला आणि १९२३ मध्ये म्यूनिक येथे तो प्रथम दाखविण्यात आला. आधुनिक तारांगणांचा आरंभ येथूनच होतो. १९६८ मध्ये जॉन डॉब्सन यांनी सॅन फ्रॅन्सिस्को येथे रस्त्याच्या कडेला दूरदर्शक मांडून येणाऱ्याजाणाऱ्यांस चंद्र व ग्रह दाखविण्याचा प्रघात पाडला. गॅलिलीओंनी दूरदर्शकातून केलेल्या पहिल्या वेधांस ४०० वर्षे झाल्यानिमित्त २००९ हे आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्र वर्ष म्हणून जगभर पाळले गेले.

पंचांगशुद्धी व दृक्‌प्रत्यय : महाराष्ट्रातील परिस्थिती यूरोपाहून वेगळी होती. तिथी, नक्षत्रे, ग्रहणे आणि पावसाची नक्षत्रे यांच्या रूपाने आकाश येथे पंचांगाद्वारे घरोघरी पोहोचलेलेच होते. परंतु पंचांगे ज्या करणग्रंथांवरून तयार होत, त्यांचे गणित जुने झाले होते. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास रचलेला ग्रहलाघव हा त्यांपैकी सर्वांत प्रचलित ग्रंथ होय. तीनशेहून अधिक वर्षांत त्यातील सूक्ष्म चुका साचत गेल्या व त्यावरून काढलेली ग्रहस्थिती प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनाशी झाली. गणिताने आलेली स्थिती डोळ्यांनी दिसणाऱ्या स्थितीशी जुळणे यास दृक्‌प्रत्यय म्हणतात. पंचांगास दृक्‌प्रत्यय असावा, हा आग्रह हेच या चळवळीचे सूत्र होते.

केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–८४) यांनी आधुनिक पाश्चात्त्य वेधांच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या गणितावरून १८६५ पासून निघू लागलेले पंचांग पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. बाळ गंगाधर टिळक हे छत्रे यांचे विद्यार्थी होत. पंचांग सुधारणेच्या कार्यास टिळकांनी मोठी चालना दिली. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांनी चित्रा पक्षाचा, तर शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–९८) यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. या पक्षांत राशिचक्राच्या आरंभस्थानाविषयी तीव्र मतभेद होते. तथापि गणिताची अंतिम कसोटी प्रत्यक्ष आकाश ही होय, याबाबत त्यांचे एकमत होते. वाद वृत्तपत्रांतून व परिषदांतून झाल्यामुळे संपातचलन, अयनांश यांसारख्या संज्ञा सुशिक्षित वाचकांच्या परिचयाच्या झाल्या.

लोकप्रसाराच्या दृष्टीने दीक्षितांचे कार्य विशेष मोलाचे आहे. भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास हा त्यांचा ग्रंथ (१८९६) विद्वन्मान्य आहेच. पण ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज हे त्यांचे पुस्तक सामान्य वाचकास हाती धरून आकाशाखाली नेते. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. एवढा वेळ काढणाऱ्या कोणासही तारे ओळखता येतील, ही त्यामागील भूमिका होय.

वेधशाळा व ग्रहणे : मुंबईत कुलाबा येथे १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन झाली. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी काही काळ तिचे काम पाहिले. पुणे येथील विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगामवाला यांच्या प्रयत्नाने महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिचा २० इंच व्यासाचा परावर्ती दूरदर्शक १९१२ मध्ये कोडईकानल येथे हलविण्यात आला.

२२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रातून गेला. नायगामवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे, तर इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉक्यर यांच्या पथकाने विजयदुर्ग येथे वेध घेतले. विजयदुर्गावरील चौथरे ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जातात. हीलियमाचा शोध येथेच लागला असा समज रूढ आहे; परंतु तो कालक्रमाशी जुळत नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी झांसेन हे गुंटूर येथे होते. सूर्याच्या वर्णपटातील वैशिष्ट्यपूर्ण पिवळ्या रेषेचा अभ्यास लॉक्यर यांनी त्याच वर्षी इंग्लंडमध्ये केला. पृथ्वीवर हीलियम १८९५ मध्ये रॅम्झी यांस सापडला. विजयदुर्गाचे वेध त्यानंतरचे आहेत व त्यांचे महत्त्व सूर्याच्या वर्णपटविषयक संशोधनात आहे.

भीती व कुतूहल : खगोलीय घटनांविषयीची भीती दूर करणे हे लोकप्रसाराचे सर्वांत निकडीचे काम ठरले. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र आल्याचे मानले गेले. सूर्य, चंद्र व केतू यांचाही या आठांत समावेश होता. या ‘अष्टग्रही’मुळे देशभर प्रलयाची भीती पसरून यज्ञयागांना ऊत आला, प्रत्यक्षात काहीही अनर्थ घडला नाही. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कर्नाटक व आंध्र प्रदेशातून गेला, तेव्हा अनेक शहरांतील रस्ते ओस पडले होते. २४ ऑक्टोबर १९९५ च्या ग्रहणाच्या वेळी मात्र सुरक्षित निरीक्षणाचा व्यापक प्रचार झाला आणि पुष्कळ लोक ग्रहण पाहण्यासाठी मुद्दाम प्रवास करून गेले. पंधरा वर्षांतील हा पालट वैज्ञानिक संस्था, वृत्तपत्रे व हौशी मंडळे यांच्या एकत्रित प्रयत्नांचे फलित होय. फलज्योतिषाचीही सांख्यिकीय कसोटी महाराष्ट्रातच २००८ मध्ये घेण्यात आली. तीत २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिकांवरून मुले हुशार की मतिमंद हे सांगावयाचे होते. त्यांची सरासरी अचूकता सु. ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकीच आली.

संस्था, तारांगणे व लेखन : पुणे येथे १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही भारतातील सर्वांत जुन्या हौशी संस्थांपैकी एक होय. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झाले. मुंबईत वरळी येथील नेहरू तारांगणाचे उद्‌घाटन ३ मार्च १९७७ रोजी झाले. हॅली धूमकेतू १९८६ मध्ये परत आला, त्या सुमारास नव्या मंडळांना जोर चढला. मुंबईचे खगोल मंडळ व कल्याणचे आकाशमित्र मंडळ ही त्यांतील उल्लेखनीय होत. खगोल मंडळाने मध्य रेल्वेवरील वांगणी येथे रात्रभराच्या आकाशदर्शनाचे कार्यक्रम चालविले.

मराठी विज्ञान परिषद (१९६६) हिने मराठीतून विज्ञानलेखनास व्यासपीठ मिळवून दिले. परिषदेच्या १९७४ मधील विज्ञानकथा स्पर्धेत टोपणनावाने लिहिलेल्या कृष्णविवर या कथेस पारितोषिक मिळाले; तिचे लेखक जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) हे होते. पुणे येथील ‘आयुका’ या आंतरविद्यापीठ केंद्राचे (१९८८) ते संस्थापक संचालक होत. संशोधनाबरोबरच शालेय मुलांसाठी नियमित व्याख्याने ठेवण्याचा पायंडा या केंद्राने पाडला. नारळीकर यांना १९९६ मध्ये यूनेस्कोचे कलिंग पारितोषिक मिळाले. मोहन आपटे (१९३८–२०१९) यांनी मराठीतून विपुल सुबोध ग्रंथरचना केली, तर दा. कृ. सोमण यांनी पंचांग व आकाशदर्शन यांची सांगड घालून व्याख्याने दिली.

विरार परिसर : विरार (सु. १९° २७’ उत्तर अक्षांश, पालघर जिल्हा) हे मुंबईच्या चर्चगेट स्थानकापासून सु. ६० किमी. अंतरावर आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे येथे वर्षातून दोनदा, १७–१८ मेच्या सुमारास व जुलैच्या अखेरच्या आठवड्यात, सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. यास शून्य छाया दिन म्हणतात. मे महिन्यात ही घटना भारतीय प्रमाण वेळेनुसार दुपारी १२ वा. ३५ मि. च्या सुमारास घडते. सूर्याचा मध्यान्ह घड्याळाच्या बारा वाजता होत नाही, हेही त्यावरून कळते. जुलैमध्ये ढगांमुळे ती सहसा दिसत नाही. एक सरळ काठी व सपाट जमीन एवढ्या साहित्यावर हा वेध घेता येत असल्याने शाळांना तो सोयीचा आहे. ध्रुवतारा येथे क्षितिजापासून सु. १९½° वर दिसतो. हाच विरारचा अक्षांश होय. अगस्त्य तारा दक्षिणेस सु. १८° उंचीपर्यंत चढतो.

अर्नाळा व त्यालगतच्या किनाऱ्यांवर पश्चिम क्षितिज समुद्राचे असल्याने मावळतीची चंद्रकोर व शुक्र चांगले दिसतात. येथील मच्छीमार अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती तिथीवरून ओळखतात. शेतकऱ्यांच्या पावसाच्या नक्षत्रांचाही अर्थ येथे समजावून देता येतो. ७–८ जूनच्या सुमारास ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. त्यामुळे ते नक्षत्र त्या काळात रात्री दिसत नाही. हिवाळ्यात मात्र ते रात्रभर आकाशात असते. व्यवहारातील अशा ज्ञानास आकाशाची जोड देणे हे प्रसारकार्यास उपयुक्त ठरते.

अडचणी : पावसाळ्याचे चार महिने कोकणात आकाशदर्शन जवळजवळ बंद असते. त्याहून मोठी अडचण प्रकाशीय प्रदूषणाची आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशासंग्रहानुसार जगातील ८० टक्क्यांहून अधिक लोक प्रदूषित आकाशाखाली राहतात व एक तृतीयांशाहून अधिक लोकांस आकाशगंगा दिसत नाही. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. वाढत्या वस्तीबरोबर दिव्यांचा झगमगाट वाढतो आणि मंद तारे लोपतात. शहराच्या वाढीमुळे वेधकार्य दूर हलवावे लागल्याचे उदाहरण जुने आहे. मुंबईतील ट्रामगाड्यांच्या विद्युतीकरणामुळे कुलाब्याचे चुंबकीय वेध १९०४ च्या सुमारास अलिबागला न्यावे लागले. आकाशदर्शनासाठीही आता शहराबाहेर जावे लागते. ज्यांस असा प्रवास परवडत नाही, त्यांना चंद्र, ठळक ग्रह व थोडे तारे यांवरच समाधान मानावे लागते. नागपूरच्या उत्तरेकडील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले अंधारे आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. परंतु असे राखीव प्रदेश दूर आहेत. रस्त्यावरील दिव्यांचा प्रकाश वर न जाता जमिनीकडेच पडावा अशी झाकणयुक्त रचना हा नगरांतील व्यवहार्य उपाय होय. त्याने वीजही वाचते.

छत्रे, दीक्षित यांच्या काळी गणित चुकले होते व आकाश स्वच्छ होते. आज संगणकामुळे गणित अचूक झाले असून आकाशच दिसेनासे होत आहे. शास्त्राचे म्हणणे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहण्याची संधी सामान्य माणसास मिळणे, हाच लोकप्रसाराचा खरा दृक्‌प्रत्यय होय. महाराष्ट्रातील या कार्याचे पुढील यश ती संधी उपनगरांतील व खेड्यांतील मुलांना किती प्रमाणात मिळते, यावर अवलंबून राहील.