कृत्रिम हिरवळीलाही हवी निगा

मुंबई, पुणे, ठाणे यांसारख्या शहरांत फुटबॉलसाठी कृत्रिम हिरवळीची मैदाने आता सर्वत्र दिसतात. गृहसंकुले, शाळा आणि क्रीडासंकुले यांनी हा पर्याय स्वीकारताना ‘एकदा अंथरले की काम संपले’ असा समज करून घेतलेला असतो. हा समज महागात पडतो. योग्य निगा राखलेली हिरवळ साधारणतः आठ ते दहा वर्षे टिकते; दुर्लक्षित हिरवळ मात्र त्याआधीच कडक होते आणि तिची झळ खेळणाऱ्या मुलांच्या गुडघ्या-घोट्यांना बसते.

रचना कशी असते?

अमेरिकेतील ह्यूस्टनच्या छत असलेल्या ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये नैसर्गिक गवत जगेना, म्हणून १९६६ मध्ये तेथे नायलॉनचे गवत अंथरण्यात आले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच अशा पृष्ठभागावर खेळली गेली. फुटबॉलसाठी आज प्रचलित असलेली हिरवळ ही या तंत्राची तिसरी पिढी होय. तिची पाती बहुधा पॉलिइथिलीनची आणि ४० ते ६० मिलिमीटर लांब असतात. पात्यांच्या मुळाशी सिलिका वाळू व तिच्यावर रबराचे दाणे भरलेले असतात. वाळूच्या वजनाने गालिचा जागचा हलत नाही, तर रबर पडण्याचा आघात शोषून घेते. त्यामुळे हिरवळीची निगा म्हणजे मुख्यतः या भरावाची निगा.

नियमित कामे

दहा तास खेळामागे एक तास देखभाल, असा ढोबळ नियम सांगितला जातो. सर्वांत महत्त्वाचे काम ब्रश फिरवण्याचे. त्यामुळे आडवी झालेली पाती उभी राहतात आणि दाणे सर्वत्र समान पसरतात. ब्रशची दिशा दरवेळी बदलावी. गोलपोस्टसमोर, पेनल्टीच्या जागी व कोपऱ्यांत दाणे लवकर उडून जातात. तेथे ते हाताने पुन्हा भरावे लागतात. पालापाचोळा कुजण्यापूर्वी उचलावा. सांधे उसवलेले दिसताच चिकटवून घ्यावेत, अन्यथा खेळाडूचा पाय त्यात अडकतो. शहरातील धूळ दाण्यांत साचून पृष्ठभाग घट्ट होतो. त्यासाठी वर्षातून एकदा तरी यंत्राने खोलवर सफाई करावी. च्युइंगगम, सिगारेट आणि धातूच्या खिळ्यांचे बूट यांना मैदानावर सक्त मज्जाव असावा.

पाऊस आणि ऊन

मुसळधार पावसात रबराचे दाणे वाहून गटारात जातात. मैदानाच्या कडेला उंच पट्टी आणि गटाराच्या तोंडाशी जाळी बसवल्यास ते अडवता येतात. पाणी तुंबू लागले, तर निचऱ्याची छिद्रे बुजली किंवा खालचा थर खचला, असे समजावे. सावलीच्या भागात शेवाळ धरून मैदान निसरडे होते. तेथे वारंवार ब्रश फिरवावा. याउलट भर उन्हात पृष्ठभागाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते. पाणी शिंपडल्याने मिळणारा गारवा अल्पकाळच टिकतो. म्हणून उन्हाळ्यात मुलांच्या सरावासाठी सकाळ-संध्याकाळची वेळच योग्य.

तपासणी आणि तरतूद

‘फिफा’च्या प्रमाणपत्रासाठी चेंडूची उसळी, त्याचे घरंगळणे आणि आघात शोषण्याची क्षमता तपासली जाते. ‘क्वालिटी प्रो’ दर्जाचे प्रमाणपत्र एक वर्ष, तर ‘क्वालिटी’ दर्जाचे तीन वर्षे वैध असते. स्थानिक मैदानांना हे प्रमाणपत्र नको असले, तरी भरावाची खोली ठिकठिकाणी मोजून तिची नोंद ठेवणे कोणालाही शक्य आहे.

रबराचे दाणे हे सूक्ष्म प्लास्टिकच होत. युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये अशा भरावाच्या विक्रीवर बंदी घातली असून, त्यासाठी आठ वर्षांची मुदत दिली आहे. बुचाचा भुसा किंवा नारळाचा काथ्या हे पर्याय उपलब्ध आहेत. मात्र तेही कमी-अधिक निगा मागतातच.

नवे मैदान करताना निविदेतच वार्षिक देखभाल, ब्रश, राखीव दाणे आणि जुना गालिचा काढून त्याची विल्हेवाट लावण्याचा खर्च नमूद करावा. ही तरतूद नसेल, तर साधे मातीचे मैदान राखणे अधिक शहाणपणाचे ठरते.