मौनाचा अर्थ : विमाव्यवसायाचे हस्तांतरण आणि कायद्याची भाषा

विमापत्र ही एक विलक्षण संहिता आहे. ती एकदाच लिहिली जाते. तिचा अर्थ मात्र कित्येक वर्षांनी, पुष्कळदा विमेदाराच्या मृत्यूनंतर, प्रत्ययास येतो. या दीर्घ अवधीत वचन देणाऱ्या संस्थेने आपला व्यवसाय दुसऱ्या संस्थेकडे सोपविला, तर ते वचन तेच राहते काय? आणि विमेदार गप्प राहिला, तर त्या मौनाचा अर्थ कोणी व कसा लावावा? हस्तांतरणाच्या कायदेशीर परीक्षणाचा इतिहास हा मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

लंडनची आल्बर्ट लाइफ ॲश्युरन्स कंपनी 1869 मध्ये बुडाली. तत्पूर्वी तिने अनेक लहान विमाकंपन्या आपल्यात सामावून घेतल्या होत्या. साहजिकच एका कंपनीवर विश्वासून विमा उतरविलेला मनुष्य, स्वतः काहीही न करता, दुसऱ्याच कंपनीचा धनको बनला होता. आता जुन्या कंपनीवर त्याचा काही हक्क उरला होता काय? त्याने नव्या कंपनीकडे हप्ते भरले, तिच्या पावत्या घेतल्या, तेव्हा त्याने जुन्या ऋणकोस मुक्त केले, असा युक्तिवाद पुढे आला. इंग्रजी विधिशास्त्रात यास ‘नोव्हेशन’ म्हणतात : जुन्या ऋणकोच्या जागी नवा ऋणको संमतीने स्वीकारणे. गुंता एवढा वाढला की, ब्रिटिश संसदेने 1871 मध्ये खास अधिनियम करून आल्बर्टचे प्रकरण लॉर्ड केर्न्स यांच्या लवादाकडे सोपविले.

या अनुभवातून दोन महत्त्वाच्या तरतुदी घडल्या. 1870 च्या अधिनियमाने आयुर्विमा व्यवसायाच्या हस्तांतरणास न्यायालयाची संमती आवश्यक केली. प्रत्येक विमेदारास योजनेचे निवेदन पाठविणे बंधनकारक झाले, आणि एकूण विमित रकमेच्या एक-दशांश वा अधिक रकमेच्या विमेदारांनी असंमती दर्शविल्यास न्यायालयास संमती देता येईना. 1872 च्या अधिनियमाने आणखी एक पाऊल टाकले : केवळ नव्या कंपनीकडे हप्ते भरले म्हणून विमेदाराने जुना हक्क सोडला असे मानता येणार नाही, त्यासाठी त्याची वा त्याच्या मुखत्याराची सही असलेला लेख हवा. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे आपल्याकडील सुभाषितवजा वचन येथे नेमके उलटविले गेले. मात्र हे दोन अधिनियम मौनाकडे एकाच दृष्टीने पाहत नाहीत. पहिल्यात गप्प बसलेला विमेदार संमती देणाऱ्यांच्या बाजूस मोजला जातो; दुसऱ्यात त्याचे मौन त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही.

भारतात 1938 च्या विमा अधिनियमाच्या 35 व 36 या कलमांनी हीच परंपरा वेगळ्या शब्दांत रुजविली. ज्याचा आधीच्या पाच वर्षांत कोणत्याही पक्षाशी व्यावसायिक संबंध नव्हता, अशा स्वतंत्र विमागणितीचा अहवाल आवश्यक ठरला. एक-दशांशाचे अंकगणित मात्र गेले. त्याऐवजी ‘पुरेसा आक्षेप सिद्ध झाला नाही’ अशी नकारार्थी कसोटी आली. संमती देण्याचा अधिकार मूळ न्यायालयाचा होता; तो पुढे विमा नियंत्रकाकडे आणि 1999 च्या कायद्यानंतर नियामक प्राधिकरणाकडे गेला. वाचक बदलला, तरी वाचनाचा नियम तसाच राहिला.

या परंपरेस सर्वांत मोठा छेद 1956 मध्ये गेला. 19 जानेवारीच्या वटहुकुमाने आयुर्विमा व्यवसायाचे व्यवस्थापन केंद्र सरकारने हाती घेतले. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, ‘मेघदूता’चे मराठी भाषांतरकार. 245 संस्थांचा व्यवसाय 1 सप्टेंबर रोजी आयुर्विमा महामंडळात विलीन झाला. येथे विमेदाराची संमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता. तिची जागा शासनाच्या हमीने घेतली. परंतु ज्या अधिनियमाच्या 37 व्या कलमाने ही हमी दिली, त्याच्याच 14 व्या कलमाने दुबळ्या कंपन्यांकडून आलेल्या विमापत्रांची रक्कम कमी करण्याचा अधिकार महामंडळास दिला. वचन नव्या हाती गेले ते अपवादासह.

मौनाच्या वाचनाचा अलीकडचा प्रसंग पुन्हा इंग्लंडमधला. प्रुडेन्शियल या 1848 साली स्थापन झालेल्या संस्थेने सुमारे 3 लाख 70 हजार वर्षासने 2007 मध्ये स्थापन झालेल्या रॉथसे या कंपनीकडे सोपविण्याचे ठरविले. स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल अनुकूल होता. नियामकांचा आक्षेप नव्हता. तरीही न्यायमूर्ती स्नोडेन यांनी ऑगस्ट 2019 मध्ये संमती नाकारली. संस्थेचे वय व लौकिक पाहून वर्षासनधारकांनी तिची निवड केली आणि ती आपल्याला अंतर देणार नाही असे गृहीत धरले, या बाबीस त्यांनी महत्त्व दिले. अपील न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये हे चुकीचे ठरविले. प्रश्न नव्या संस्थेच्या देय रकमा चुकविण्याच्या सुरक्षिततेचा आहे, जुन्या नावाच्या पुण्याईचा नव्हे, हा त्या निर्णयाचा आशय. नव्या सुनावणीनंतर नोव्हेंबर 2021 मध्ये संमती मिळाली.

आर्थिक दृष्टीने अपील न्यायालयाची भूमिका सयुक्तिक आहे. लौकिकाने देणी भागत नाहीत. तरीही तिने काय वगळले हे पाहणे तौलनिक अभ्यासकाचे काम आहे. भाषांतरात शब्दार्थ टिकूनही मूळ कर्त्याच्या आवाजावरचा विश्वास टिकेलच असे नाही. हस्तांतरातही तसेच घडते. रक्कम, तारीख, अटी नव्या हाती अबाधित पोहोचतात. जे लिहिले नव्हते, पण ज्याच्या भरवशावर सही झाली होती, ते मागे राहते. दीड शतकाच्या या कायद्याने विमेदाराच्या मौनाला संरक्षण दिले. त्या मौनात दडलेल्या अपेक्षेला शब्द मात्र दिला नाही.