दारू सोडविणाऱ्या औषधाची जन्मकथा



औषधाचा इतिहास म्हटला की प्रयोगशाळा डोळ्यांपुढे उभी राहते. दारू सोडविण्यासाठी देतात त्या औषधांचा इतिहास मात्र कारखान्यात सुरू होतो. आमची हयात कामगारांत गेली. रसायनशास्त्र आम्ही उसन्या पुस्तकांतून शिकलो. तेव्हा ही हकीकत आम्ही कामगाराच्या बाजूनेच सांगणार.

१९१४ साली जर्मनीत फ्रान्झ कोएल्श या वैद्याने कॅल्शियम सायनामाइड हे खत बनविणाऱ्या कामगारांचा आजार नोंदविला. थोडे मद्य घेतले की त्यांचे तोंड लालबुंद होई, छाती धडधडे, श्वास लागे. १९३७ साली अमेरिकेत डॉ. विल्यम्स यांना थाययुराम नावाची रबरधंद्यातील रसायने हाताळणाऱ्यांत हेच आढळले. हा दारूच्या व्यसनावर उपाय तर नव्हे, अशी शंकाही त्यांनी बोलून दाखविली. पुढे कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोबसेन जंतांवरचे औषध म्हणून डायसल्फिरामच्या गोळ्या स्वतःच खाऊन पाहत होते. मद्य घेताच त्यांचीही तीच गत झाली. १९४८ साली त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले आणि 'अँटाब्यूस' बाजारात आले. मान डेन्मार्कला मिळाला. रबर कामगार मागेच राहिला.

आता आतील यंत्र पाहू. यकृतात विकरे, म्हणजे एन्झाइमे, गिरणीतील खात्यांसारखी काम करतात. पहिले खाते मद्याचे ॲसिटाल्डिहाइड हे विष बनविते. दुसरे त्याचे निरुपद्रवी ॲसिटेट करते. दुसरे खाते बंद पाडले की मधला माल तुंबतो. तोच तो ताप.

पण खाते बंद कोण पाडतो? गिळलेली गोळी जशीच्या तशी नव्हे. सायनामाइडवर कॅटालेज नावाचे विकर काम करते, तेव्हा नायट्रॉक्सिल तयार होते आणि ते दुसऱ्या खात्याला कुलूप घालते. त्याच क्रियेत सायनाइडही निघते! प्रमाण अल्प, तरी विष ते विषच. डायसल्फिरामचेही यकृतातील विकरे टप्प्याटप्प्याने रूप बदलतात, तेव्हा खरा मारेकरी बनतो. त्याचा काही भाग फुटून कार्बन डायसल्फाइड होतो व श्वासावाटे बाहेर पडतो. हे नाव रबर कामगाराला जुने आहे. १८५६ साली पॅरिसमध्ये देल्पेश या डॉक्टराने याच वाफेने मेंदू व नसा बिघडलेले रबर कामगार पाहिले होते. कारखान्यातील विष औषधाच्या वाटेने पुन्हा शरीरात, तेही शरीराच्याच हातून!

म्हणून औषध टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. डॉक्टराच्या देखरेखीखाली त्याने अनेकांचे संसार सावरले. आरंभीच्या काळात मोठ्या मात्रा देऊन वर मुद्दाम मद्य पाजून पाहत. त्यात माणसे दगावली, तेव्हा मात्रा उतरल्या. यकृताची तपासणीही आता आवश्यक मानतात.

चाळींतल्या भगिनी आम्हांस विचारतात, ''भाऊ, त्यांच्या चहात ती गोळी न सांगता घातली तर?'' आम्ही म्हणतो, ''ताई, मुळीच नको.'' ज्याला आपल्या अंगात काय आहे हे ठाऊक नाही, तो पगाराच्या रात्री गुत्त्यावर जाणारच, आणि हृदय कमकुवत असेल तर परत येणार नाही. शिवाय गोळी थांबविली तरी बंद पडलेले खाते लगेच चालू होत नाही. दोन आठवड्यांपर्यंत मद्याचा घोट अंगावर उलटू शकतो.