कर्नलचा इतिहास १६ एप्रिलला का अडतो?

लिनक्स कर्नलमधली एखादी जुनी ओळ घ्या आणि तिच्यावर गिट ब्लेम चालवा. पुष्कळदा उत्तर येईल: लिनस टोरवाल्ड्स, १६ एप्रिल २००५. कर्नल १९९१ सालचा, कोड शेकडो लोकांनी लिहिलेला, मग हे काय?

पहिली दहाएक वर्षं कर्नलला व्हर्जन कंट्रोल असं नव्हतंच. लोक ईमेलने पॅच पाठवायचे, लिनस ते लावायचा आणि टारबॉल काढायचा. पॅच हरवायचे, लोक वैतागायचे. सीव्हीएस होतं, पण त्याचं आणि लिनसचं कधी जमलं नाही. कोणती ओळ कुणाची, हा प्रश्न पुढे कोर्टातच गेला. २००३ मध्ये एससीओने आयबीएमवर खटला भरला, की लिनक्समध्ये आमचा युनिक्सचा कोड घुसवलाय. पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहायची पद्धत २००४ मध्ये आली, ती याच पार्श्वभूमीवर.

तोवर कर्नल बिटकीपरवर गेला होता, २००२ मध्ये. हे लॅरी मॅकव्हॉयच्या बिटमूव्हर कंपनीचं टूल. कर्नलवाल्यांना फुकट, पण अट अशी की वापरणाऱ्याने स्पर्धक टूलवर काम करायचं नाही. म्हणजे कोड खुला, पण त्याचा इतिहास दुसऱ्याच्या कपाटात!

सांबा आणि आरसिंकवाल्या अँड्रू ट्रिजेलला ही अट न मानता तो इतिहास हवा होता. त्याने काय केलं? टेलनेटने बिटकीपरच्या सर्व्हरला जोडला आणि 'हेल्प' टाइप केलं. सर्व्हरने कमांडची यादीच हातात दिली. एप्रिल २००५ मध्ये कॅनबेरातल्या लिनक्स परिषदेत त्याने हे सगळ्यांसमोर करून दाखवलं. मॅकव्हॉयच्या मते हे रिव्हर्स इंजिनिअरिंग होतं. फुकट आवृत्ती बंद झाली. लिनसही चिडला, पण ट्रिजेलवर.

मॅकव्हॉयला खलनायक करणं मला पटत नाही. प्रत्येकाकडे पूर्ण रेपो असावा, ही सवय लिनसला बिटकीपरनेच लावली.

३ एप्रिलला लिनसने गिट लिहायला घेतलं, ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच होता. आज आपण गिट इनिट मारतो आणि एक लपलेलं फोल्डर तयार होतं, बस! सर्व्हर नाही, लायसन्स नाही. प्रत्येक कमिटचं नाव म्हणजे तिच्या मजकुराचा शा-१ हॅश, आणि त्या मजकुरात आधीच्या कमिटचा हॅशही असतो. मागे कुठे एक बाइट बदलला तरी पुढची सगळी नावं बदलतात. मग कॉपी कुणाच्याही मशीनवर असली तरी ताडून बघता येते.

१६ एप्रिलला कर्नल या नव्या टूलमध्ये आला. बिटकीपरमधला इतिहास हाताशी होता, तरी लिनसने तो घेतला नाही. कारण त्याने त्या पहिल्या कमिटमध्येच लिहून ठेवलंय: सगळं आणलं तर सुमारे ३.२ जीबी होईल. त्या वेळी गिट प्रत्येक फाइलची प्रत्येक आवृत्ती अख्खी साठवायचं. पॅकफाइल त्याच वर्षी, पण नंतर आली. म्हणून २.६.१२-आरसी२ चा कोड एका दमात आत गेला आणि जुन्या ओळींवर लिनसचं नाव बसलं.

जुना इतिहास पुढे वेगळ्या रेपोत आणला गेला. गिट रिप्लेस वापरून तो आपल्या मशीनवर जोडून घेता येतो, मग ब्लेम १६ एप्रिलच्याही मागे जातं. बिटकीपर? तेही मे २०१६ मध्ये ओपन सोर्स झालं.