कापडाचं विमान आणि ७८ वर्षांचा वैमानिक

मंडळी, स्वतःच्या मालकीचं विमान असावं ही कल्पना आपल्यासारख्या एस.टी.च्या प्रवाशांना हसण्यावारी नेण्यासारखीच वाटणार. पण १९२५ साली इंग्लंडमध्ये जेफ्री डी हॅविलँड यांनी नेमकी हीच कल्पना मनात धरून एक विमान बांधलं. दोन माणसांपुरतं, लाकडाचं, पंखांवर कापड, आणि ते पंख मागे दुमडता येणारे. मोटारीच्या मागे बांधून न्यावं आणि एखाद्या शेडमध्ये ठेवून द्यावं! डी हॅविलँडना फुलपाखरं आणि पतंग यांच्या अभ्यासाचा नाद होता, म्हणून नाव ठेवलं 'मॉथ', म्हणजे पतंग. (मराठीत दोरीने उडवायचा तोही पतंगच. हा श्लेष बिचाऱ्या इंग्रजांना कळणार नाही.) मग जिप्सी मॉथ, पस मॉथ, टायगर मॉथ, लेपर्ड मॉथ असं कुटुंब वाढत गेलं.

जे.आर.डी. टाटांनी १९२९ च्या फेब्रुवारीत वैमानिकाचा परवाना मिळवला. त्यावर क्रमांक होता १. त्यानंतर आगा खानांनी भारत-इंग्लंड प्रवास एकट्याने करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. जे.आर.डी. कराचीहून निघाले आणि १७ वर्षांचा अ‍ॅस्पी इंजिनियर इंग्लंडहून. दोघांचीही जिप्सी मॉथ. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली, तेव्हा अ‍ॅस्पी स्पार्क प्लगच्या बिघाडामुळे अडकून पडला होता. जे.आर.डीं.नी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला दिला. पुढे काही तासांच्या फरकाने बक्षीस अ‍ॅस्पीला मिळालं! हाच मुलगा १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डीं.नी पस मॉथमधून कराचीहून टपाल आणलं, अहमदाबादमार्गे जुहूला. पुढे मद्रासपर्यंत ते नेलं नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. ही आपल्या नागरी विमानसेवेची सुरुवात, हे शाळेच्या पुस्तकात असतं. पुस्तकात नसतं ते असं, की पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई आणि मग सगळं बिऱ्हाड पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावं लागे.

असो. मला सांगायचं आहे ते पुढचं. अशी विमानं म्हातारी झाली की त्यांचं काय होतं?

लाकूड, सरस आणि कापड यांचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. सांधे जुन्या पद्धतीच्या, दुधापासून केलेल्या सरसाने चिकटवलेले असले, तर ओलाव्याने ते आतल्या आत सुटू लागतात आणि बाहेरून काही दिसत नाही. कापडावर 'डोप' नावाचं रोगण चढवतात, त्याने ते तबल्याच्या पुडीसारखं ताणलं जातं. पण उन्हापावसाने तेही जीर्ण होतं. मग मालकाने ते सगळं उतरवायचं, आतली फासळी न् फासळी तपासायची, सडकी असेल ती बदलायची आणि पुन्हा कापड चढवायचं. टायगर मॉथला मुळात ब्रेकच नव्हते. चालू करायला बटणही नाही. एकाने समोर उभं राहून हाताने पंखा फिरवायचा आणि इंजिनाने पेट घेताच चटकन मागे सरायचं. हे सारं करून इंग्लंडात आजही हौशी लोक आपली टायगर मॉथ उडवतात. महायुद्धाच्या काळात वैमानिक तयार करण्यासाठी ती हजारोंनी बांधली गेली, नंतर फुकून टाकावीत तशी विकली गेली, म्हणून काही हौशी माणसांच्या हाती लागली आणि वाचली.

कोणी विचारेल, इतकं बदलल्यावर ते जुनं विमान राहिलं कुठे? मला वाटतं, राहतं. वाड्याची कौलं दर काही वर्षांनी बदलतात, वासे बदलतात, म्हणून वाडा नवा होत नाही. त्यात कोणी राहात मात्र असलं पाहिजे.

१९८२ साली त्या टपाल-उड्डाणाला ५० वर्षं झाली. १९६२ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, जे.आर.डीं.नी ते एकदा पुन्हा करून दाखवलं होतंच. आता वय ७८. विमान लेपर्ड मॉथ, म्हणजे १९३३ साली निघालेल्या जातीचं. पस मॉथच्या धडाला पोलादी नळ्यांचा सांगाडा असे, लेपर्डचं धड लाकडाचंच. म्हणजे जवळजवळ ५० वर्षांचं लाकडी विमान, एक इंजिन, चालवणारा ७८ वर्षांचा, सोबतीला दुसरा वैमानिक नाही, आणि खाली कच्छचं रण! घरच्यांनी अडवलं नसेल का? मी तेव्हा इतिहास शिकवत होतो. वर्तमानपत्रातली बातमी वर्गात वाचून दाखवली, तेव्हा एका मुलाने विचारलं, "सर, मोठ्या विमानाने का नाही आले?" उत्तर मी दिलं नाही, फळ्यावर नुसता कराची-अहमदाबाद-जुहू असा नकाशा काढला. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला.

तो हट्ट होता असं म्हणणारे म्हणोत. ज्यात काही बिघडलं तर ते आपल्याच कानांनी ओळखावं लागतं, अशा यंत्रावर या माणसाने तारुण्य काढलं होतं. त्या यंत्राची आठवण भाषण करून देता येत नाही, ते उडवूनच दाखवावं लागतं. १५ ऑक्टोबरला ते जुहूला सुखरूप उतरले.

२०१२ साली हवाई दलाच्या वर्धापनदिनी हिंडनला एक टायगर मॉथ पुन्हा उडालं. बघायला सुरेखच. पण ते दुरुस्त करून आणावं लागलं इंग्लंडहून, हे मला खुपतं. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांतून हीच विमानं वर्षानुवर्षं चालवली गेली. त्यांच्या फासळ्या बसवणारे सुतार आणि कापड शिवणारे शिंपी आपलेच होते की! त्यांची नावं कुठे लिहून ठेवलेली माझ्या पाहण्यात नाहीत. कोणाच्या आजोबांनी, काकांनी असं काम केलं असेल तर मला जरूर कळवा.