दिवाळीचं गिफ्ट, जत्रेतल्या रेवड्या आणि ७,००० रुपये

 

दिवाळी तोंडावर आली की ऑफिसच्या ग्रुपवर एक चर्चा हमखास सुरू होते. बाबांना स्मार्टवॉच घेऊ का? भावाला जिमची मेंबरशिप देऊ का? हेतू चांगलाच असतो. पण पाडव्याला बायकोनं ओवाळल्यावर तिच्या ताटात वजनकाटा ठेवून बघा, मग कळेल! ‘तब्येतीला जप’ हे सांगायला गेलेलं गिफ्ट ‘तू जाड झालीयेस’ असं बोलून मोकळं होतं.

मग कुणाला व्यायामाला लावायचं, तर द्यायचं काय? याचं उत्तर आपल्या कोल्हापूरच्या इतिहासात सापडतं. कारण या गावानं शंभर वर्षांहून जास्त काळ हेच काम केलंय.

सुरुवात जत्रेपासून करू. गावच्या मैदानात पहिल्या कुस्त्या लागतात त्या बारक्या पोरांच्या. बक्षीस काय? मूठभर रेवड्या, नाहीतर एक नारळ. त्यानंतर रोख इनामाच्या कुस्त्या, आणि शेवटी मोठ्या पैलवानांची जोड, चांदीच्या गदेसाठी. सात-आठ वर्षांच्या पोराला कुणी थेट गदा दाखवत नाही. आज रेवड्या जिंकल्या, तर पुढच्या जत्रेला ते पोरगं नारळासाठी तयारी करतं. बक्षीस पोराच्या ताकदीच्या मापाचं असतं, आणि ते अख्ख्या गावासमोर मिळतं.

आता येऊ राजर्षी शाहू महाराजांकडे. १८९४ ते १९२२ हा त्यांच्या राज्यकारभाराचा काळ. स्वतः कुस्तीचे जबरदस्त शौकीन. १९०२ साली एडवर्ड राजाच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले. त्या दौऱ्यात रोमचं जुनं गोल मैदान त्यांनी पाहिलं, आणि तीच कल्पना इथं आणली, असं सांगितलं जातं. १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. गोल, मधे आखाडा आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक, म्हणजे सगळ्यात मागं बसलेल्या माणसालाही कुस्ती नीट दिसते.

पण महाराज मैदान बांधून थांबले नाहीत. त्यांनी तालमींना आश्रय दिला, पैलवानांच्या खुराकाची सोय केली, उत्तरेतले नामांकित मल्ल इथं बोलावले. विचार करा, पैलवानाला दूध, तूप, बदाम रोज लागतात. गरीब घरातल्या पोराला जोर-बैठका फुकट मारता येतात, खुराक फुकट मिळत नाही. महाराजांनी नेमकी तीच गाठ सोडवली.

आम्हा आयटीवाल्यांना रोज सकाळी मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारतात, “काही ब्लॉकर आहे का?” म्हणजे काम करायची तुझी तयारी आहे, पण अडलंय कुठं? गिफ्ट घेण्याआधी हाच प्रश्न विचारायला पाहिजे.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा गडी, शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत वाढलेला पैलवान तिथं मॅटवर खेळला आणि सहावा आला. पुढचं ऑलिंपिक १९५२ चं, हेलसिंकीला. अंगात ताकद होती, जिद्द होती, सराव होता. नव्हते ते पैसे. लोकांनी वर्गणी काढली. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

भावा, घर गहाण! विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी!

खाशाबांनी हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावी परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढं कुस्त्यांचं मैदान भरवून त्यांनी गुरूंचे पैसे परत केले, ही गोष्ट आपल्याकडं आजही अभिमानानं सांगतात.

आता बघा, खर्डेकर सरांनी खाशाबांना कुस्तीची आवड लावली नाही. ती आधीपासून होती. त्यांनी वाटेतला धोंडा बाजूला केला. माझ्या मते गिफ्टची ताकद एवढीच असते. ज्याला पळायचंच नाही त्याला आठ हजारांचे बूट देऊन काही होत नाही. पण ज्या आईला चालायला जायचंय आणि सकाळच्या डब्यांमुळं निघता येत नाही, तिच्यासाठी ‘रोज सहा ते सात डबे मी बघतो’ हे गिफ्ट कुठल्याही घड्याळापेक्षा मोठं आहे. बाबांना एकट्यानं रंकाळ्याला जायचा कंटाळा येत असेल, तर महिनाभर त्यांच्यासोबत जा. बहिणीला पोहायचंय पण फी जास्त वाटते, तर फी भरा. आणि पहिल्या आठवड्यात ती चार दिवस जरी गेली तरी घरात सगळ्यांसमोर कौतुक करा. रेवड्या वाटा म्हणा ना!

तर यंदा ऑनलाइन सेलमध्ये बोटं फिरवायच्या आधी घरच्यांना विचारा, “तुला काय करायचंय, आणि अडतंय कुठं?” उत्तर काय आलं ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर, जोर-बैठका चालू ठेवा!