बॅनर्जी, सर सुरेंद्रनाथ

(१० नोव्हेंबर १८४८ – ६ ऑगस्ट १९२५). भारतीय नेमस्त पुढारी व स्थानिक स्वराज्याचे पुरस्कर्ते. जन्म कलकत्ता येथे. १८६९ मध्ये ते आय. सी. एस. परीक्षा उत्तीर्ण झाले. वयाच्या वादावरून त्यांची निवड रद्द झाली. तथापि न्यायालयात दाद मागून त्यांनी ती परत मिळविली. १८७१ मध्ये ते सिल्हेट येथे साहाय्यक दंडाधिकारी झाले. एका आरोपीस चुकीने फरारी दाखविल्यावरून १८७४ मध्ये त्यांना बडतर्फ करण्यात आले. दोषाच्या मानाने ही शिक्षा फार कठोर होती.

१८७६ मध्ये ते कलकत्ता नगरपालिकेचे सदस्य झाले. लोकनियुक्त सदस्यांची संख्या ५० वरून २५ वर आणणाऱ्या कायद्याच्या निषेधार्थ १८९९ मध्ये त्यांच्यासह २८ सदस्यांनी राजीनामे दिले. १९२१ मध्ये असहकाराच्या काळात त्यांनी बंगालचे स्थानिक स्वराज्यमंत्रिपद स्वीकारल्यामुळे त्यांच्यावर कडाडून टीका झाली. त्यांच्या १९२३ च्या कायद्याने मात्र कलकत्त्यास लोकनियुक्त बहुमत व निर्वाचित महापौर मिळाला आणि स्त्रियांना मताधिकार लाभला. त्याच वर्षी विधिमंडळाच्या निवडणुकीत बिधनचंद्र रॉय यांनी त्यांचा पराभव केला. १९२४ मध्ये या कायद्यान्वये पहिले महापौर झाले, ते त्यांच्या विरोधी स्वराज्य पक्षाचे चित्तरंजन दास. बराकपूर येथे त्यांचे निधन झाले.